अळू व पाइन

अळू (हिं. अरवी, घुइयाँ, गु. अळवी, सं. आलुकी; लॅ. कोलोकेशिया एस्क्युलेंटा, कुल–ॲरेसी) ही पाने, देठ व जमिनीतील दृढकंद यांसाठी लावली जाणारी ओषधीय वनस्पती होय. पाइन (हिं. चीड, चीर, सं. सरल, लॅ. पायनस, कुल–पायनेसी) ही शंकुधारी, सदापर्णी वृक्षांची मोठी प्रजाती असून लाकूड व रेझीन यांसाठी ती प्रसिद्ध आहे. पहिली वनस्पती आवृतबीज व एकदलिकित वर्गातील, तर दुसरी प्रकटबीज विभागातील असल्याने त्यांच्यात कोणतेही जवळचे नाते नाही. तथापि पाणी, मृदा, तापमान व काळ या चार बाबतींत दोहोंच्या गरजा जवळजवळ परस्परविरोधी असल्यामुळे, एखाद्या प्रदेशात कोणती वनस्पती का रुजते व कोणती का रुजत नाही, हे समजण्यास त्यांची तुलना उपयुक्त ठरते. प्रस्तुत नोंदीत ही तुलना मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. या जिल्ह्यात अळू घरोघरी परिचित आहे. पाइन मात्र वृक्षरूपाने नव्हे, तर बहुधा खोक्यांच्या फळ्या, राळ व टर्पेंटाइन या रूपांनीच येथे पोहोचतो.

अळू : या वनस्पतीचे मूलस्थान आग्नेय आशिया व त्यास लागून असलेला ईशान्य भारत ते न्यू गिनी हा पट्टा मानला जातो. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील कुक या पाणथळ स्थळी सापडलेल्या दगडी हत्यारांवर अळूच्या स्टार्चचे कण आढळले असून ते सु. दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यावरून मानवाने खाद्य म्हणून वापरलेल्या सर्वांत जुन्या कंदांत अळूची गणना होते. प्रशांत महासागरातील बेटांवर हे मुख्य अन्न होते. हवाई बेटांत कंद शिजवून, कुटून व आंबवून ‘पोई’ हा पदार्थ करतात. सध्या अळूच्या उत्पादनात आफ्रिकेतील नायजेरिया हा देश आघाडीवर आहे.

अळूचे खोड जमिनीत असते. मुख्य दृढकंदाभोवती लहान उपकंद येतात. त्यांनाच मराठीत अळकुड्या म्हणतात. जमिनीवर फक्त लांब देठांची मोठी, हृदयाकृती पाने दिसतात. देठ पात्याच्या कडेला न जुळता पात्याच्या खालच्या पृष्ठभागास आतल्या बाजूस जोडलेला असल्याने पान छत्राकृती दिसते. पानाच्या पृष्ठावर मेणाचा थर असलेले सूक्ष्म उंचवटे असतात. त्यामुळे पाणी पानास न चिकटता गोल थेंबांच्या रूपात घरंगळते. क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणण्याची रीत याच गुणधर्मावरून पडली आहे. लागवडीतील अळवास फुले क्वचितच येतात. आल्यास ती महाछदाने वेढलेल्या स्थूलकणिशावर येतात व त्यांत खाली स्त्री-पुष्पे आणि वर पुं-पुष्पे असतात. अभिवृद्धी मुख्यतः उपकंदांपासूनच करतात.

महाराष्ट्रात व्यवहारात दोन प्रकार ओळखले जातात : जांभळट-काळ्या देठाचे, जाड पानांचे वडीचे अळू आणि हिरव्या देठाचे, मऊ पानांचे भाजीचे अळू. यांशिवाय ओहोळांच्या काठी व पाणथळ जागी रानअळू उगवते. ते अधिक खाजरे असल्याने जाणकारांशिवाय इतरांनी खाऊ नये.

पाइन : पायनस प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून त्या नैसर्गिक अवस्थेत उत्तर गोलार्धातच आढळतात. सुमात्रा बेटावरील पायनस मर्कुसाय ही एकच जाती विषुववृत्त ओलांडून थोडी दक्षिणेस उतरली आहे. भारतात हिमालय व ईशान्येकडील टेकड्या हेच पाइनचे नैसर्गिक स्थान होय. त्यांतील प्रमुख जाती पुढीलप्रमाणे आहेत : बाह्य हिमालयातील चीड (पायनस रॉक्सबर्घाय), त्याहून अधिक उंचीवरील कैल (पायनस वॉलिचियाना), हिमाचल प्रदेशातील किन्नौरसारख्या कोरड्या प्रदेशातील चिलगोजा (पायनस जेरार्डियाना) व मेघालयातील खासी पाइन (पायनस केसिया). दक्षिण भारतात मूळचा पाइन नाही. तमिळनाडूतील कोडईकनाल येथील पाइनवने मानवनिर्मित असून ती समुद्रसपाटीपासून सु. २,१०० मी. उंचीवर आहेत.

हिमालयातील चिडाचा विस्तार सु. ४५० ते २,३०० मी. उंचीच्या पट्ट्यात असल्याने तो भारतातील पाइनांपैकी सपाट प्रदेशाच्या सर्वांत जवळ येणाऱ्या जातींपैकी एक आहे. हा वृक्ष ३० ते ५० मी. उंच वाढतो. साल जाड, खोल भेगांची व आगीस बरीच दाद न देणारी असते. पाने सुईसारखी, २० ते ३० सेंमी. लांब व तीन-तीनांच्या झुबक्यांत येतात. पुं-शंकू व स्त्री-शंकू एकाच वृक्षावर येतात. परागण वाऱ्याने होते व स्त्री-शंकू पक्व होण्यास सु. दोन वर्षे लागतात. बिया पंखयुक्त असून त्या वाऱ्याने दूरवर पसरतात.

महाराष्ट्रातील उद्यानांत व रोपवाटिकांत ‘पाइन’ वा ‘ख्रिसमसचे झाड’ म्हणून जे रोप विकले जाते, ते बहुधा पायनस नसून ॲरोकॅरिया या दक्षिण गोलार्धातील प्रजातीचे असते. किनारी भागात लावला जाणारा सुरू (कॅशुरिना) दुरून पाइनसारखा दिसतो. परंतु तो सपुष्प वनस्पती आहे व त्याच्या ‘सुया’ या पाने नसून हिरव्या, सांधेयुक्त डहाळ्या असतात. या नामसादृश्यामुळे पाइन आपल्याकडे सहज वाढतो, असा गैरसमज होण्याचा संभव असतो.

हिंगोली जिल्ह्याची भूमी व हवामान : १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ होती. उत्तर सीमेवरून पैनगंगा, मध्यातून कयाधू व दक्षिण भागातून पूर्णा या नद्या वाहतात. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात असून पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी वसमत तालुक्यास मिळते. पैनगंगेवरील ईसापूर धरण कळमनुरी तालुक्याच्या सीमेवर आहे.

जिल्ह्याची भूमी बेसाल्ट खडकाची आहे. नदीखोऱ्यांत खोल काळी मृदा, तर टेकड्यांच्या उतारांवर उथळ, मुरमाड मृदा आढळते. काळ्या मृदेतील चिकणमाती पाणी मिळताच फुगते व वाळताच आकसून भेगाळते. तिच्यात चुन्याचे प्रमाण अधिक असून ती सर्वसाधारणपणे अल्कधर्मी असते. वार्षिक पाऊस साधारणतः ८०० ते ९५० मिमी. असून त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या वर जाते व हवा अतिशय कोरडी असते. पाऊस वर्षावर्षाला कमीजास्त होतो; १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांच्या अवर्षणांचा फटका मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे या भागासही बसला. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, ऊस व हळद ही प्रमुख पिके असून वनक्षेत्र थोडे व शुष्क पानझडी स्वरूपाचे आहे.

पाण्याची गरज : अळूची पाने मोठी, पातळ व सतत बाष्पोच्छ्वास करणारी असतात. सिंचनाशिवाय हे पीक घ्यावयाचे, तर सु. १,५०० ते २,००० मिमी. व तोही वर्षभर विभागलेला पाऊस लागतो. हिंगोलीचा पाऊस त्याच्या जवळपास निम्मा आहे. असे असूनही अळू येथे टिकून आहे, याचे कारण त्याच्या लागवडीच्या जागेत आहे. विहिरीची थारोळी, न्हाणीमागचा ओला कोपरा, हातपंपाभोवतालचा चिखल, उसाच्या पाटाचे टोक अशा ठिकाणी ते लावतात. ४ चौ. मी.च्या लहान वाफ्यास उष्ण दिवसांत रोज ५ ते ६ मिमी. म्ह. २० ते २४ लि. पाणी लागते. घरातील एक-दोन बादल्या सांडपाण्यात ही गरज भागते. हेच पीक एक हेक्टरवर घेतल्यास रोज ५० ते ६० हजार लि. पाणी द्यावे लागेल. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठणाऱ्या प्रदेशात अळू हे परसातील पीक म्हणून स्वस्त, परंतु शेतातील पीक म्हणून महाग का ठरते, हे या साध्या हिशेबावरून स्पष्ट होते.

अळूच्या देठांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असलेले ऊतक असते. त्यातून पानांकडून मुळांकडे हवा पोहोचत असल्याने साचलेल्या पाण्यातही मुळे गुदमरत नाहीत. यामुळेच भातखाचरासारख्या पाणथळ जमिनीत अळू घेता येते. मात्र असे पाणी वाहते व थंड असावे लागते. कोंडून तापलेल्या पाण्यात कंद सडतात.

पाइनची स्थिती याच्या उलट आहे. सुईसारखी अरुंद पाने, त्यांवरील जाड बाह्यत्वचा व खोलवर बसविलेली त्वग्रंध्रे यांमुळे पाण्याचा अपव्यय कमी होतो. रुजलेला वृक्ष कोरडेपणा सहन करतो. परंतु मुळांशी पाणी साचणे त्यास मुळीच मानवत नाही. वालुकाश्म, क्वॉर्ट्झाइट अशा खडकांपासून झालेल्या उतारावरील, निचऱ्याच्या जमिनीत चीड उत्तम वाढतो. काळ्या मृदेत पावसाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे थोपून राहते आणि उन्हाळ्यात भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. पाण्याचा अतिरेक व त्याचा अभाव या दोन्ही आपत्ती एकाच वर्षात रोपास सोसाव्या लागतात.

मृदा व सहजीवी कवके : अळूस सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, किंचित अम्ल (पीएच मूल्य ५·५ ते ६·५) जमीन मानवते, परंतु भरपूर शेणखत व ओलावा असल्यास ते उदासीन ते किंचित अल्कधर्मी जमिनीतही वाढते. पाइनला मात्र अल्कधर्मी, चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळणे कठीण होते व सुया पिवळ्या पडतात.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे संकवक होय. पाइनच्या लहान मुळांवर विशिष्ट कवकांचे आवरण तयार होते. ही कवके वृक्षाकडून शर्करा घेतात व त्याला मृदेतील फॉस्फरस, नायट्रोजन व पाणी मिळवून देतात. या सहजीवनाशिवाय रोपे खुरटतात व मरतात. मूळचा पाइन नसलेल्या उष्ण कटिबंधीय देशांत आरंभी झालेल्या अनेक लागवडी याच कारणाने फसल्या. जुन्या पाइनवनांतील माती आणून रोपवाटिकेत मिसळल्यावरच त्या यशस्वी झाल्या. हिंगोलीच्या मृदेत अशी कवके नैसर्गिकरीत्या असण्याचा संभव नसल्यामुळे केवळ बी वा रोप आणून भागत नाही. त्याचे अदृश्य सोबतीही आणावे लागतात.

तापमान व प्रकाश : अळूस २१° ते २७° से. तापमान अनुकूल असते. हिमतुषार त्यास मारतो. तीव्र उन्हात पाने करपतात. अर्धवट सावली त्यास चालते, किंबहुना हिंगोलीच्या उन्हाळ्यात ती आवश्यकच ठरते. म्हणून केळी, शेवगा वा पपईच्या आडोशास अळू लावण्याची पद्धत सयुक्तिक आहे. चीड हा पूर्ण प्रकाश मागणारा वृक्ष असून सावलीत त्याची रोपे टिकत नाहीत. बाह्य हिमालयाच्या पायथ्याशी तो उष्ण उन्हाळा सोसतो. परंतु तेथे थंड हिवाळा, हिवाळी पाऊस व निचऱ्याचा उतार यांची जोड असते. एखाद्या बागेत जोपासलेला एकटा वृक्ष वाचणे आणि आपोआप बी पडून वन वाढणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्य अमेरिकेतील पायनस कॅरिबियासारख्या उष्ण हवामानातील जाती जगात अनेक ठिकाणी लावल्या गेल्या असल्या, तरी त्यांनाही खोल, निचऱ्याची व अम्लीय जमीनच लागते.

लागवड व काळ : मराठवाड्यात अळूची लागवड पावसाळ्याच्या आरंभी किंवा पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात. २० ते २५ ग्रॅ. वजनाचे निरोगी उपकंद साधारणतः ६० × ४५ सेंमी. अंतरावर लावतात व वाढीच्या काळात मातीची भर देतात. सु. दोन महिन्यांनी पाने खुडता येतात. कंदांसाठी सहा ते नऊ महिने लागतात. पाने पिवळी पडून सुकू लागली की काढणी करतात. सतत पाने खुडल्यास कंद लहान राहतात, म्हणून पानांसाठी व कंदांसाठी वेगळे वाफे ठेवणे इष्ट असते. केरळातील तिरुअनंतपुरम् येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने अळूचे ‘श्री रश्मी’, ‘श्री पल्लवी’ इ. सुधारित वाण प्रसारित केले आहेत.

फायटोप्थोरा कोलोकेशी या रोगकारकामुळे होणारा पानांवरील करपा हा अळूचा सर्वांत घातक रोग होय. ढगाळ, दमट हवेत पानांवर वर्तुळाकार तपकिरी डाग पडून थोड्या दिवसांत पान कुजते. १९९३ मध्ये प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर हा रोग पोहोचला व तेथील अळूचे उत्पादन आणि निर्यात कोलमडली. एकाच वाणाच्या कंदांपासून सर्वत्र लागवड झाल्याने प्रतिकारशक्तीत विविधता नव्हती, हे त्यामागील एक मुख्य कारण होते. परसातील लागवडीतही दोन-तीन प्रकार एकत्र राखणे, रोगट पाने नष्ट करणे व रोगमुक्त बेणे वापरणे हिताचे असते.

पाइनचे गणित दशकांचे आहे. चिडाची रोपे पहिली काही वर्षे सावकाश वाढतात. रेझिनासाठी खोडाचा व्यास सु. ३० सेंमी. व्हावा लागतो व लाकडासाठी डोंगरी वनांत शंभर वर्षांच्या आसपासचे तोडचक्र ठेवण्याची प्रथा होती. यावरून एक व्यावहारिक भेद निघतो : अळूची निवड चुकली, तर एका हंगामाचे नुकसान होते व पुढील पावसाळ्यात ते भरून काढता येते, वृक्षाची निवड चुकली, तर ती चूक दहा-वीस वर्षांनी कळते व तेवढ्या काळाची जमीन, पाणी आणि राखण वाया जाते.

अळूचे उपयोग : अळूचा कंद मुख्यतः स्टार्चयुक्त आहे. त्यातील स्टार्चचे कण अतिशय बारीक असल्याने तो पचनास सुलभ असतो. पानांत प्रथिने, कॅल्शियम, लोह व कॅरोटीन चांगल्या प्रमाणात असतात. मात्र कॅल्शियमचा काही भाग ऑक्झॅलेटाशी बद्ध असल्याने शरीरास मिळत नाही. चिंच, गूळ व बेसन लावून पानांची वळकटी उकडून केलेली अळूवडी, शेंगदाणे व हरभऱ्याची डाळ घालून केलेली पातळ भाजी किंवा फतफते आणि उकडलेल्या अळकुड्या हे महाराष्ट्रातील परिचित पदार्थ होत. लग्नकार्याच्या पंगतीत अळूच्या भाजीस मानाचे स्थान आहे.

अळूच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. कच्चा भाग चावल्यास ते जीभ व घशाच्या त्वचेत घुसून तीव्र खाज व सूज आणतात. पूर्ण शिजविल्याने हा खाजरेपणा जातो. चिंच, आमसूल वा ताक यांसारखे आंबट पदार्थ घालण्याची परंपरा याच अनुभवातून आली आहे. उकळलेले पाणी टाकून दिल्यास विद्राव्य ऑक्झॅलेटही कमी होते. मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी अळू बेताने खावे. सांडपाण्यावर वाढविलेल्या अळूबाबतही तारतम्य लागते. स्नानाचे व भांडी धुतल्याचे पाणी सामान्यतः चालते. परंतु कारखान्याचे, गॅरेजचे वा शहरी गटाराचे पाणी वापरल्यास त्यातील जड धातू पानांत साठण्याचा धोका असतो. अळू कच्चे खाल्ले जात नसले, तरी शिजविल्याने धातू नाहीसे होत नाहीत.

पाइनचे उपयोग : चिडाच्या खोडावर साल खरवडून खाचा घेतल्यास ओलिओरेझीन स्रवते. प्रत्येक वृक्षापासून वर्षाला साधारणतः ३ ते ६ किग्रॅ. उत्पन्न मिळते. त्याचे ऊर्ध्वपातन केल्यास सु. ७० ते ७५ टक्के राळ व १८ ते २० टक्के टर्पेंटाइन निघते. राळ कागदास खळ देणे, साबण, रोगण, चिकटद्रव्ये व छपाईची शाई यांत वापरतात. व्हायोलिन व सारंगी यांच्या गजासही ती लावतात. टर्पेंटाइन रंगांचे विद्रावक म्हणून व अंगास चोळण्याच्या औषधांत वापरतात. ते पोटात गेल्यास विषारी असते. लाकूड मऊ व हलके असून खोकी, दारे-खिडक्या, फर्निचर व कागदाचा लगदा यांसाठी उपयोगी पडते. महाराष्ट्रातील बाजारात ‘पाइनवुड’ म्हणून मिळणाऱ्या लाकडात न्यूझीलंडमधून येणाऱ्या रेडिएटा पाइनचाही समावेश असतो. चिलगोजाच्या बिया सुक्या मेव्यात मोडतात.

पाइनवनांचे तोटेही दुर्लक्षणीय नाहीत. गळलेल्या सुयांचा जाड थर (कुमाऊँ-गढवालमध्ये यास पिरूल म्हणतात) सावकाश कुजतो, त्याखाली गवत व झुडपे नीट वाढत नाहीत व उन्हाळ्यात तो झपाट्याने पेट घेतो. १९२१ मध्ये ब्रिटिशांच्या वननियमांविरुद्धच्या असंतोषातून कुमाऊँतील चिडाची वने मोठ्या प्रमाणावर जळाली. सरकारला रेझीन व लाकूड देणारी ही वने स्थानिक कुटुंबांस हवा असलेला चारा व पालापाचोळा ओकवनांइतका देत नव्हती, ही त्या असंतोषाची एक बाजू होती. १९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशात १,००० मी.पेक्षा अधिक उंचीवर हिरवे वृक्ष तोडण्यावर बंदी आली. उत्तराखंड शासनाने पिरुलापासून वीजनिर्मितीस उत्तेजन देणारे धोरण २०१८ मध्ये जाहीर केले. तात्पर्य, वृक्षाचा उपयोग कोणास होतो हा प्रश्न त्याच्या वाढीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो.

अळू व हळद : हिंगोलीत अळूच्या गरजांशी सर्वांत मिळतीजुळती पण व्यापारीदृष्ट्या अतिशय भिन्न अशी वनस्पती म्हणजे हळद होय. दोन्ही वनस्पती भूमिगत खोडासाठी लावल्या जातात, दोन्हींची लागवड पावसाळ्याच्या सुमारास होते, दोन्हींस सु. आठ-नऊ महिने व ओलाव्याची गरज असते. मात्र हळदीस साचलेले पाणी चालत नाही. त्यामुळे काळ्या जमिनीत ती गादीवाफ्यावर व ठिबक सिंचनाखाली घेतात. हळदीच्या लागवडीत हिंगोली हा राज्यातील अग्रेसर जिल्हा असून हिंगोली व वसमत येथील बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले असून ‘वसमत हळद’ या नावास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाण्याची मागणी करणाऱ्या या दोन कंदपिकांपैकी एकाने शेत व्यापावे व दुसऱ्याने परसातच राहावे, याचे कारण साठवणुकीत आहे. हळकुंडे उकडून, वाळवून व घोळून महिनोन्महिने ठेवता येतात, भाव येईपर्यंत थांबता येते व दूरच्या बाजारात पाठविता येतात. अळूची पाने दुसऱ्या दिवशीच मलूल होतात. अळकुड्या कोरड्या, हवेशीर जागी काही काळ टिकतात, पण हळदीइतक्या नाहीत. म्हणून विकत घेतलेल्या पाण्याची किंमत हळद काहीशी भरून देऊ शकते. अळू ती सहसा देत नाही. मात्र फुकट वाहून जाणाऱ्या पाण्याचे अन्नात रूपांतर करण्याचे काम अळू जितके सहजपणे करते, तितके हळद करीत नाही.

पाइनला स्थानिक पर्याय : पाइनकडून ज्या वस्तू मिळतात, त्यांपैकी बऱ्याच दख्खनच्या कोरड्या हवामानास अनुरूप वृक्षांपासून मिळू शकतात. मराठवाडा व विदर्भातील शुष्क पानझडी वनांत आढळणाऱ्या सालईच्या (बॉस्वेलिया सेराटा) खोडातून सुगंधी गोंदमिश्रित रेझीन मिळते. त्यापासून टर्पेंटाइनसारखे तेल व राळेसारखा पदार्थ वेगळा करता येतो. त्याचे लाकूडही खोक्यांसाठी उपयोगी आहे. धावड्यापासून गोंद मिळतो. इमारती लाकडासाठी साग, औजारांसाठी बाभूळ, खोकी व डांबांसाठी बांबू व मलबार नीम, तर सावली व बहुविध उपयोगांसाठी कडुनिंब हे वृक्ष आहेत. यांपैकी सालई व धावडा मुरमाड उतारांवर, तर बाभूळ काळ्या जमिनीतही वाढते. हे वृक्ष उन्हाळ्यापूर्वी पाने गाळून किंवा पाने लहान ठेवून पाण्याची बचत करतात. दुष्काळाशी जुळवून घेण्याचा पाइनचा मार्ग सुईचा आहे, तर दख्खनी वृक्षांपैकी बहुतेकांचा मार्ग पानगळीचा आहे. येथील मृदा व मोसमी पाऊस यांना दुसरा मार्ग अधिक मानवतो.

निष्कर्ष : अळूच्या गरजा मोठ्या असल्या, तरी त्या लहान जागेत व थोड्या काळापुरत्या असतात. त्यामुळे प्रतिकूल हवामानातही घरातील सांडपाणी, शेणखत व केळीची सावली यांच्या आधारे त्या पुरविता येतात. पाइनच्या गरजा प्रथमदर्शनी माफक वाटतात, कारण तो खडकाळ उतारावर व थोड्या पोषणावर वाढतो. परंतु निचरा, अम्लीय मृदा, सहजीवी कवके व थंड ऋतू या त्याच्या अटी भूप्रदेशाच्याच असल्याने माणसास त्या विस्तृत क्षेत्रावर निर्माण करता येत नाहीत. म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अळूचे क्षेत्र पाण्याच्या हिशेबाने परसापुरते व ओलिताच्या कडेपुरते राखणे आणि वनीकरणासाठी पाइनऐवजी स्थानिक पानझडी वृक्ष निवडणे हेच सयुक्तिक ठरते. वनस्पती किती पाणी मागते यापेक्षा ते पाणी कोठून येते, किती काळ द्यावे लागते व तिचे उत्पन्न किती दिवस टिकते, या तीन प्रश्नांची उत्तरे लागवडीपूर्वी मिळविणे अधिक महत्त्वाचे असते.